सारखी दिसणारी डॉक्टर

दौंडच्या नव्या मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलात प्रत्येक अवयवाला स्वतंत्र डॉक्टर होता. हृदयाचा पुण्याहून मंगळवारी यायचा, मूत्रपिंडाचा गुरुवारी. उरलेल्या माणसाकडं बघायला कुणीच नाही, हे ध्यानात आल्यावर व्यवस्थापनानं नवं पद काढलं: हॉस्पिटॅलिस्ट. म्हणजे वॉर्डातच थांबून पेशंटला अख्खा बघणारी डॉक्टर. त्या पदावर शिरूरची डॉ. प्रांजल, एम.डी., सहा महिन्यांच्या बोलीवर रुजू झाली. कायम व्हायचं की घरी जायचं, ते नातेवाइकांच्या अभिप्राय-फॉर्मवर ठरणार होतं.

नऊ नंबरच्या खाटेवर केडगावच्या धुरपदाबाई होत्या. उभ्या राहिल्या की घेरी. प्रांजल स्टूल ओढून बसली, पिशवीतल्या गोळ्या गादीवर ओतल्या आणि तासाभरात तिला उलगडलं, की दोन डॉक्टरांनी दोन नावांनी ब्लडप्रेशरची एकच गोळी लिहिली आहे. तिनं एक बंद केली. तिसऱ्या दिवशी बाई पॅसेजच्या टोकापर्यंत चालून आल्या.

"रेल्वे कॉलनीतला आमचा डॉक्टर असाच बसायचा," त्या म्हणाल्या. "सायकल भिंतीला लावायचा, आधी च्या प्यायचा, मग जीभ बघायचा. आता सोड बाई मला, गवार तोडायला आलीया."

मुलगा मारुतराव, सोसायटीचे चेअरमन, दारातच उभे होते. "मोठा डॉक्टर कवा येणार?"

"आईंना मीच बघते."

"तुम्ही हाय व्हो. पण तुम्ही सारख्याच दिसताय. सकाळी दिसताय, दुपारी दिसताय. आन् आलो तवा सात गोळ्या हुत्या, आता सहा. ह्याला काय इलाज म्हनायचं?"

फॉर्मवर त्यांनी एक तारा दिला. कारण: 'डॉक्टर कधीही भेटतात.'

मॅनेजर सत्यजीत यांनी प्रांजलला बोलावलं. "मॅडम, उपलब्धता ही आपली गंभीर त्रुटी ठरली आहे." लगेच परिपत्रक निघालं. स्टूल भांडारात जमा करावं. डॉक्टरांनी दिवसातून एकदाच, किमान दोन तास उशिरा, चौघांच्या घोळक्यासह यावं. बसू नये.

"पेशंटनं काही विचारलं तर?"

"घड्याळ बघायचं."

मंगळवारी हृदयाचे डॉक्टर आले. चालता चालता त्यांनी कागद पाहिला आणि बंद केलेली गोळी पुन्हा सुरू केली. घोळक्यात मागं प्रांजल उभी होती. तोंड उघडायची हीच वेळ होती. सहा महिन्यांची मुदत संपायला चार दिवस होते. तिनं घड्याळाकडं पाहिलं.

"ह्यो डॉक्टर!" मारुतराव म्हणाले. पाच तारे पडले. धुरपदाबाईंना डिस्चार्ज मिळाला, प्रांजल कायम झाली आणि तिच्या दारावर पाटी लागली: 'विभागप्रमुख. भेट फक्त शुक्रवारी.'

पाचव्या दिवशी गवारीच्या सरीत घेरी येऊन कोसळलेल्या धुरपदाबाईंना माकडहाड मोडून त्याच खाटेवर आणलं.

"ती स्टुलावरची पोरगी कुठं हाय गं?" त्यांनी नर्सला विचारलं.

"त्या मोठ्या डॉक्टर झाल्या आज्जी. आता न्हाई भेटत."

खाटेभोवती जमलेल्या पाहुण्यांनी समाधानानं माना डोलावल्या. त्यांत शहाळं घेऊन तुम्हीही होतात. बाईंना कसं वाटतंय, हे विचारायचं तुमच्याकडून राहून गेलं. पण आल्या आल्या तुम्ही मारुतरावांना विचारलंत ते आठवत असेल: "बघतंय कोण? मोठाच डॉक्टर आहे ना?"