आजीसाठी घडवलेली सुरी

उभा जन्म पोरं शिकवण्यात गेला. एक सुरी घडवून घेणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

माझ्या बायकोचे, द्वारकाचे, गुडघे धरले होते. विळीवरून उठायला तिला दार, भिंत आणि मी असे तिघं लागायचो. बाजारातल्या पातळ सुऱ्या भोपळ्यात रुतून बसत. मी जाहीर केलं, "दसऱ्यापासून तू उभ्यानं भाजी चिरायचीस. विळीवर बसायची वेळ आलीच, तर मी बसेन!"

"बघू," ती म्हणाली.

त्या ‘बघू’नं माझी झोप उडाली! टेंभुर्णीतला आमचा पुंजाराम लोहार म्हणाला, "जीपच्या कमानपाट्याचं पातं करू. धार टिकती. फक्त कोरडं ठेवा, गंज धरतं." मूठ मी शिसवाची सांगितली. संध्याकाळी वाटलं, बाभूळ बरी. सकाळी वाटलं, शिसवच! पुन्हा भट्टीवर हजर.

"गुरुजी, लोखंडापरीस तुमीच जास्त तापून राह्यले! पुठ्ठ्यावर आकार काढून धाडा, अन् मंग इकडं फिरकूच नका!"

पुठ्ठा म्हणताच मला धडाच सापडला! शेजारच्या बालकिशन शेठजींची नातवंडं, पलक आणि मयंक, माझ्याकडं अभ्यासाला येतात. मी पुठ्ठ्यावर वीतभर सुरीचं चित्र काढून विचारलं, "वस्तू करताना वापरणाऱ्याचा विचार करायचा. सांगा, आपल्या द्वारका आजीला काय सोयीचं?"

"आजीचा हात घसरायला नको!" मयंकनं मुठीपुढं आडवी पट्टी काढली.

"शाब्बास!"

"आजीला वाकायला नको!" पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडून पलकनं पातं हातभर लांबवलं.

मी चपापलो. पण मुलांच्या कल्पनेवर फुली मारायची नाही, हा माझा नियम. "शाब्बास!" म्हणालो. मनात म्हटलं, पुंजाराम जाणता आहे, करेल लहान. मग टोक वर वळलं, मुठीला पितळी मोर आला. मी शाब्बास म्हणतच होतो. शेवटी पुठ्ठा तसाच भट्टीवर धाडला.

खंडेनवमीला द्वारका कोयता, खुरपं, विळी पूजेला मांडत होती, तेवढ्यात पुंजाराम आला. "गुरुजींनी काढलेलं, मंग मी कशाला बदलू? बिलकुल पुठ्ठ्यासारखं केलं!" त्यानं पोतं सोडलं. अंगण लखलखलं!

द्वारकानं डोक्यावर पदर घेतला. "अगं बाई, खांडं! देवीची तलवारच की!"

"सुरी आहे ती!"

"सुरीला मोर असतोय का? सुरी म्हणून निघालं अन् खांडं होऊन आलं, म्हंजे देवीनंच धाडलं!"

कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. शेजारच्या राजकुमारी भाभी तर नारळ घेऊनच आल्या.

"द्वारका, त्या सुरीनं दुपारचा भोपळा..."

"खांड्यानं भोपळा? जीभ कशी रेटती तुमची!"

"विळीचीपण पूजाच केलीस की!"

"ती विळी हाय. हे खांडं हाय!"

तेव्हापासून सुरी देवघरात आणि मी विळीवर. शब्द दिला होता ना! काल कांदा चिरताना डोळे पुसत होतो, तर समोर पलक पुठ्ठा घेऊन उभी.

"गुरुजी, तुमच्यासाठी उभ्यानं चिरायची विळी काढू?"

"न्हाई म्हणा, न्हाई म्हणा!" द्वारका आतून ओरडली.

पण जन्माची सवय! तोंडातून निघूनच गेलं, "शाब्बास!"