आर्यन आंघोळीला गेलाय!

"आपल्या बिल्डिंगची मतदारयादी आरशासारखी लख्ख करून दाखवतो!" असं सहदेव राणे सोसायटीच्या मीटिंगमध्ये छातीवर हात मारून बोलले, आणि शहाडच्या त्या चारमजली इमारतीत लोकांना घाम फुटला. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मालाची तपासणी केलेली. निवृत्त झाल्यावर तपासायला माणसंच उरली होती!

शनिवारी सकाळी यादीच्या कामावर नेमलेल्या शिक्षिका रुपालीमॅडम आल्या. सहदेवराव त्यांना घेऊन दारोदार फिरले. "हे वारले. ही लग्न होऊन आंबिवलीला गेली. हे फ्लॅट विकून गेले. मारा काट!" मॅडमचं पेन धापा टाकायला लागलं!

शेवटी त्यांच्याच घरी चहाला बसल्यावर मॅडमनी पुढचं नाव वाचलं. "आर्यन सहदेव राणे. इथंच राहतात ना?"

सहदेवरावांचा कप ओठांशीच थांबला. मुलाला न्यूझीलंडला जाऊन पाच वर्षं झालेली. त्याची बाईक विकली, त्याच्या पलंगावर आता पापडांचे डबे. तो या घरात राहतो असं सांगणारी ही एवढीच छापील ओळ शिल्लक होती.

"इथंच की!" ते बोलून गेले. "आंघोळीला गेलाय."

"मग थांबते. भेटूनच जाते."

झालं! सहदेवराव आत पळाले आणि शॉवर सोडून आले. कलावतीबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "अहो, बाथरूममध्ये कोण आहे?"

"आर्यन!"

"अगं बाई!" म्हणत त्या टॉवेल घेऊन निघाल्यासुद्धा. दोन पावलांवर त्यांच्या लक्षात आलं. मग टॉवेल छातीशी धरून तिथंच उभ्या राहिल्या.

अर्धा तास झाला. मॅडमचा दुसरा चहा संपला. तेवढ्यात वॉचमन विकी धडकला. "काका, तुमच्याकडे काय धरण फुटलंय का? टाकी खाली झाली! चौथा माळा बोंबलतोय!"

आणि नेमका टेबलावरचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल! स्क्रीनवर आर्यनचं नाव आणि हसरा फोटो!

मॅडमनी फोनकडे पाहिलं, बाथरूमकडे पाहिलं. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "आधी नळ बंद करा."

सहदेवरावांनी मान खाली घालून नळ बंद केला. तोवर कलावतीबाईंनी फोन उचललेला.

"आई, आत्ताच मत देऊन आलो!" आर्यन ओरडला. "इथं कायमचं राहायचा परवाना असला की मतदान करता येतं. कागदावर पेनानं टिक करायची, बस!"

मॅडमनी पुढे होऊन इथल्या नावाचं विचारलं. परदेशातून नाव ठेवायचा वेगळा अर्ज असतो, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं, हेही सांगितलं.

"नको हो मॅडम," तो सहज म्हणाला. "एवढं यायला कुठे जमणार? काढून टाका."

मॅडमनी फॉर्म पुढे केला. मघापासून दुसऱ्यांची नावं धडाधड कापायला लावणाऱ्या सहदेवरावांना आपली सही सापडेना! शेवटी कशीबशी केली. मग त्यांनी फोन हातात घेतला. "मत दिलंस ना? बोट दाखव बघू!"

"बाबा, इथं शाई लावत नाहीत हो." तरी त्यानं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं.

दोघं स्क्रीनला नाक लावून ते कोरं बोट बघत राहिली. मग कलावतीबाई म्हणाल्या, "किती बारीक झालंय रे! जेवतोस ना वेळेवर?"