ओढ्यावर अडविल्या लाकडाची हकीकत

श्रीवनदेवता प्रसन्न. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, फाल्गुन मासी धावड्याच्या रानावर हिरव्या भुंग्याची स्वारी जाहली, ती कैसी, हे वडील माणसांचे तोंडून ऐकिले तैसे लिहिले असे.

दूरदेशीच्या राजाने महाराजांस आरसे नजर केले, ते कच्च्या लाकडाच्या पेटाऱ्यांत भरून आले, आणि पेटाऱ्यांतून पाचूसारखे हिरवे भुंगे निघाले, आणि दरबारी मंडळी भाळली, आणि राणीवशात त्यांचे पंख चोळीवर जडवून मिरविले. मग दोन वर्षांत त्यांच्या अळ्यांनी सालीखाली पोखरून पूर्वेकडील अवघे रान उभ्या उभ्या वाळविले. भाल्याची काठी, कुऱ्हाडीचा दांडा, गाडीचा आस, सर्व धावड्याचे. रयत हवालदिल जाहली. मग सटवोजी रानहवालदार याणे हुजुरात अर्ज केला की, "महाराज, भुंगा आपल्या पंखांनी उडतो कोसभर, आपण मोळीत घालून त्यास वीस कोस पोहोचवितो. पूर्वेकडचे काडीभर लाकूड मधल्या रुंद माळावरचा ओढा ओलांडू देऊ नये, तरच पश्चिमेचे रान वाचेल." महाराजांनी हुकूम फर्माविला, आणि ओढ्याच्या चौकीवर सटवोजीसच बसविले.

त्या मुलखी चाल ऐसी की, आईबाप निवर्तले म्हणजे लेकीने सासरच्या रानातील धावड्याचे एक लाकूड आणून चितेवर ठेवावे. त्याविना जीव घुटमळतो म्हणत. आणि हुकुमानंतरच्या चैत्रात सटवोजीचेच कुटुंब सगुणाबाई निवर्तली. लेक गोजाई ओढ्यापलीकडे दिलेली. ती भर दुपारी अनवाणी, डोईवर लाकूड घेऊन चौकीस आली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सटवोजीने करावे काय?

"आबा, वाट सोडा. आई खोळंबलीय."

"लाकूड ठेव पोरी, मग ये."

"मोकळ्या हातानं येऊ? मग मी लेक कसली?"

शिपायाने लाकूड फोडून पाहिले, तो आत अळी नाही, भोक नाही. म्हणाला, "हवालदार, निर्मळ आहे. जाऊ द्या."

"अळी दिसती, अंडं कुणाला दिसतं? आज माझी लेक सोडली, तर उद्या कुणाची अडवू?" ऐसे बोलून सटवोजीने ते लाकूड आपल्या हाते ओढ्याकाठी जाळिले, आणि ढसढसा रडला. गोजाईने राख पदरी बांधिली, आणि आईचे तोंडही न पाहता माघारी गेली. पुन्हा माहेरी आली नाही.

सहा वर्षांनी सटवोजी वारला. गोजाई लाकूड घेऊन आली. शिपायाने ओळखून मान खाली घातली आणि वाट सोडिली, परंतु ती ओढ्यात उतरली नाही. बापाने जाळिले त्याच जागी तिने लाकूड पेटविले, आणि धूर चितेकडे जातो की नाही, हे पाहात संध्याकाळपर्यंत बसली.

तात्पर्य, पूर्वेचे रान बुडाले, पश्चिमेचे राहिले, आणि दप्तरी यश महाराजांचे नावे लिहिले आहे. लेकीचे लाकूड निर्मळ होते, हे कोठे लिहिले नव्हते, म्हणून येथे लिहिले.