आऊसाहेबांच्या प्रवासी इंग्रजीची बखर

श्री. वाट दाखविणारी आणि वाटेस लागलेल्यास सुखरूप घरी आणणारी जी देवता, तिचे चरणी मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली आहे. पाहिले तेवढे लिहिले, ऐकिले ते ऐकिले म्हणून लिहिले, पदरचे घातले नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राजमहालाच्या जामदारखान्यात एक प्रवासी बॅग होती, निळ्या रंगाची, चाके चार. दुकानात चाकांवर पारदर्शक पातळ पापुद्रा चिकटवितात, तो तीन चाकांवर जैसा आला तैसाच होता, आणि चौथ्या चाकावरचा मात्र एका कडेने नखाएवढा उचलला गेला होता. उन्हाने उचलला म्हणावे, तर जामदारखान्यात ऊन येत नाही. उंदराने म्हणावे, तर दाताची खूण नाही. आणि आपोआप सुटला म्हणावे, तर चारही एकाच दिवशी चिकटविलेले, त्यांतला एकच का सुटावा? सबब कोणा मनुष्याचे नख तेथे वरचेवर लागत असावे आणि लागून थांबत असावे, ऐसे अनुमान निघते. बॅगेत प्रवासाचे सामान काही नव्हते. दुलया भरल्या होत्या.

ही बॅग राजे भास्करराव यांच्या मातोश्री मथुराऊसाहेब यांची. आऊसाहेब लहानपणी माहेरी भूगोल शिकत असता गुरुजींनी सांगितले होते, की उत्तरेस एक मुलूख आहे, तेथे ज्येष्ठ मासी सूर्य मावळतच नाही, मध्यरात्रीही क्षितिजावर कुंकवासारखा टेकून राहतो. आणि आऊसाहेबांनी तेव्हाच विचारिले होते, "मग तिथल्या बायका दिवेलागण केव्हा करतात?" गुरुजी हसले, वर्ग हसला, उत्तर कोणी दिले नाही, आणि तो प्रश्न आऊसाहेबांचे मनी तसाच राहिला. पुढे लग्न होऊन या राज्यात आल्या, आणि थोरले महाराज रसिक, त्यांनी प्रश्न ऐकून बॅग आणविली आणि म्हणाले, "येत्या ज्येष्ठात जाऊ, स्वतः बघून येऊ." मग तो ज्येष्ठ भास्कररावांच्या मुंजीत गेला, पुढे बहुत वर्षांनी आणखी एक परमुलखी दिलेल्या कन्येच्या लग्नात गेला, आणि पुढे थोरले महाराजच कैलासवासी जाहले, आणि बॅगेत दुलया शिरल्या. आणखी एक कारण होते, ते सर्वांहून मोठे. या राज्याची चाल ऐसी, की देवघरची सांजवात घरच्या थोरल्या बाईनेच लावावी. सबब आऊसाहेब जत्रेस गेल्या, लग्नास गेल्या, तरी ऊन कलले की रथ मागे फिरवीत, आणि एका संध्याकाळच्या पल्ल्यापलीकडचे जग त्यांनी पाहिले नाही. कोणी प्रवासाचे नाव काढिले तर म्हणत, "बघू पुढे. दिवेलागणीला घरी कोण?" ऐसे म्हणता म्हणता केस पांढरे जाहले.

ऐसियात भास्करराव राजे यांचे मनी आले, की आपल्या दरबारचे लोक परमुलखी जाऊन मुक्याने परत येतात, मागील साली कारभारी नरहरपंत विमानतळावर दोन प्रहर उपाशी बसले, कारण खाणे मागावे कैसे हे ठाऊक नव्हते. मग राजांनी हुकूम केला, की दरबारात प्रवासाच्या उपयोगाची इंग्रजी शिकवावी, आणि बंदरावरून सेलिनाबाई म्हणून शिक्षिका आणविल्या, ज्यांचा जन्म परदेशी प्रवाशांना वाटा दाखविण्यात गेला होता. सेलिनाबाई आल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "व्याकरण आपण मागून बघू. आजपासून या दालनात ज्याला जे हवं, ते त्यानं इंग्रजीत मागायचं. नाही मागितलं, तर नाही मिळायचं." आणि पाण्याची घागर आपल्या खुर्चीमागे ठेविली.

पहिले दिवशी दरबार तहानेने व्याकुळ जाहला. नरहरपंतांस भगवद्गीता मुखोद्गत, परंतु ओठ कोरडे पडले आणि एक शब्द येईना. मग आऊसाहेबांच्या नणंद द्वारकाबाईसाहेब, ज्या जिभेने तिखट आणि वयाने आऊसाहेबांहून चार वर्षांनी धाकट्या, त्या उठल्या आणि "वॉटर!" म्हणून ऐसी आरोळी दिली, की देवडीवरचा पहारेकरी भाला घेऊन आत आला. सेलिनाबाई म्हणाल्या, "शब्द बरोबर. मागे प्लीज लावा." द्वारकाबाई म्हणाल्या, "ते कशाला?" सेलिनाबाई म्हणाल्या, "नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवता ना? तसं. त्यावाचून पोचत नाही." हे सर्वांस एकदम समजले, आणि त्या दिवसापासून प्लीज हा शब्द राज्यात रुजू जाहला. मग टिकीट आला, पासपोर्ट आला, लेफ्ट आणि राइट हे दोघे बंधू आले, हाउ मच आला आणि बाजारपेठेत लोकप्रिय जाहला, आणि टॉयलेट हा शब्द मानाने सर्वांच्या पुढे बसविला, कारण तो न आल्यामुळे पूर्वी थोर थोर स्वाऱ्या वाटेत नामोहरम जाहल्या होत्या. सॉरी या शब्दावरून मात्र दरबारात तंटा माजला. सेलिनाबाईंनी सांगितले, की गर्दीत कोणाचा धक्का लागला तर सॉरी म्हणावे, आणि आपणास लागला तरीही म्हणावे. द्वारकाबाई म्हणाल्या, "पाय आमचा तुडवायचा त्याने, आणि सॉरी आम्ही म्हणायचं? ही भाषा सुनांसाठी केलेली दिसते." आणि आऊसाहेब पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, मग आम्हाला ती शिकायला नको. आम्ही ती लग्नापासून बोलतोय." तेव्हा द्वारकाबाईंनी आपले पाणी वहिनींपुढे सरकविले, ही गोष्ट या राज्याच्या इतिहासात नवी.

नरहरपंत पुढे बहुत तयार जाहले. "व्हेअर इज द स्टेशन?" ऐसे ते खांबासही विचारीत. एके दिवशी सेलिनाबाईंनी त्यास उत्तर दिले, की सरळ जा, मग डावीकडे वळा, मग पूल लागेल. पंतांनी "थँक यू" म्हणून मुजरा केला आणि तडक उजवीकडे मुदपाकखान्यात गेले. सर्व हसो लागले, तेव्हा पंत म्हणाले, "प्रश्न बिनचूक होता की नाही? उत्तर ऐकायचं अजून शिकवलेलं नाही." मग सेलिनाबाईंनी दुसरे दिवसापासून ऐकणे शिकविले, आणि ते बोलण्याहून अवघड निघाले. आऊसाहेब मात्र ऐकण्यात सर्वांपुढे गेल्या, कारण घरच्या थोरल्या बाईस जन्मभर तेच काम. त्या कमी बोलत, पण जे बोलत ते जागच्या जागी बसे. आणि सूर्य कलला, की बाक सरकवून उठत, "एक्स्क्यूज मी" म्हणत, आणि देवघराकडे जात. वर्ग कितीही रंगो, यांत कधी चुकले नाही.

आणि कोणी विचारिले, की आऊसाहेब, आपण इंग्रजी कशासाठी शिकता, तर म्हणत, "वेळ जातो." राजांस वाटे, की बहिणीचे परमुलखी बाळंतपण होईल तेव्हा मातोश्री जातील, त्याची ही तयारी. ऐसेच सर्वांस वाटे, कारण या राज्यातल्या थोरल्या बायका समुद्रापार गेल्या त्या बाळंतपणासाठीच गेल्या, बाळास न्हाऊ घालून, डिंकाचे लाडू वळून, खिडकीतून परका मुलूख पाहून परत आल्या. स्वतःसाठी कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

माघ मासी परीक्षा ठरली. सेलिनाबाईंनी दरबाराचा विमानतळ केला. चौरंग मांडिला तो परमुलखाचा दरवाजा, आणि नरहरपंतांस डोईवर टोपी घालून त्यामागे बसविले, ते तेथील अधिकारी. आज्ञा ऐसी, की जो तो आपली बॅग ओढीत येईल आणि अधिकाऱ्याच्या सवालांस स्वतः उत्तर देईल, दुसऱ्याने त्याच्यासाठी बोलू नये. प्रथम खुद्द राजे आले आणि "बिझिनेस" म्हणून सुटले. मग द्वारकाबाई आल्या. पंतांनी पिशवीत काय म्हणून पुसले, तर म्हणाल्या, "लाडू. हँड ऑफ, प्लीज!" आणि पंतांनी टोपी काढून वाट दिली. मग आऊसाहेब आल्या. बॅग तीच, निळी. दुलया काढून ठेविल्या होत्या आणि आत एक शाल होती, एवढेच. फरशीवर चाकांचा आवाज जाहला, तो त्या बॅगेचा पहिलाच आवाज. पंतांनी नाव पुसले, ते सांगितले. किती दिवस राहणार पुसले, तेही सांगितले. मग पंत म्हणाले, "पर्पज ऑफ व्हिजिट?" म्हणजे येण्याचे कारण काय, आणि आऊसाहेब उभ्या राहिल्या.

शब्द त्यांस येत होता, हे सर्वांस ठाऊक. तरी बोलेनात. मग दरबारास दया आली. राजे मागून म्हणाले, "बाळंतपण म्हणा, आई." एक सरदार म्हणाले, "लग्नसमारंभ." दुसरे म्हणाले, "औषधपाणी म्हणा, कोणी अडवीत नाही." तेव्हा सेलिनाबाईंनी टेबलावर हात आपटिला आणि म्हणाल्या, "त्या दरवाज्यात दुसऱ्याचं उत्तर चालत नाही. आऊसाहेबांना बोलू द्या." खिडकीतून ऊन तिरपे आले होते. आऊसाहेबांनी ते पाहिले, आणि नेहमीप्रमाणे आता "एक्स्क्यूज मी" म्हणून निघून जातील ऐसे सर्वांस वाटले. परंतु त्या चौरंगापुढेच उभ्या राहिल्या आणि हळू, एकेक शब्द ठेवीत बोलल्या, "टु सी द सन. नो सनसेट. ओन्ली टु सी."

पंत आपण अधिकारी आहो हे विसरले आणि म्हणाले, "आऊसाहेब, तिथं सूर्य मावळत नाही, तर तिथली दिवेलागण केव्हा?"

"तेच तर बघायचंय, पंत. परकरात होते तेव्हापासून."

"आणि इथली?" पंत बोलून गेले, आणि बोलल्यावर जीभ चावली. कारण हाच तो सवाल, ज्याच्यापुढे आऊसाहेब आजवर प्रत्येक वेळी मागे फिरल्या होत्या. आऊसाहेबांचा हात बॅगेच्या मुठीवरून सुटला.

तेव्हा द्वारकाबाईसाहेब लाडवांची पिशवी खाली ठेवून उठल्या. म्हणाल्या, "इथली काय म्हणून विचारता? मी काय परगावची आहे? या घरात जन्मले मी. आधी आई लावायची, मग वहिनी आल्या त्या लावायच्या, आणि मी आपली हात जोडून मागं उभी. वात मला वळता येते, काडी मला ओढता येते. वहिनी, कधी एकदा तरी म्हणालात का, की वन्सं, आज तुम्ही लावा?"

आऊसाहेब चकित होऊन म्हणाल्या, "तुम्हाला लावायची होती?"

"मग काय, नुसतं तेल ओतायला जन्मले?"

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तुम्ही तरी सूर्याचं कुठे बोललात?" द्वारकाबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून वर म्हणाल्या, "सॉरी म्हणायचं असेल तर दोघींनी मिळून म्हणू. प्लीज लावून."

मग राजांस हसू आले, पंतांस रडू आले, आणि दोन्ही मिळून दरबारात बहुत गलका जाहला. त्या गलक्यात आऊसाहेब खाली वाकल्या, चौथ्या चाकाचा सुटलेला पापुद्रा नखाने धरिला, आणि या खेपेस न थांबता पुरा ओढून काढिला, मग बाकीचे तीनही काढिले, आणि मुठीत चुरगाळून पंतांच्या हाती दिले. ऊन उतरले होते. कोणी घाई केली नाही.

येणेप्रमाणे या राज्यात इंग्रजी आली, तिची हकीकत. शब्द थोडे आले, परंतु ज्याचे त्यास पुरले. देवघरात त्या संध्याकाळी काडी प्रथमच द्वारकाबाईसाहेबांनी ओढिली, वात तिरपी बसली, कोणी सरळ केली नाही, आणि उजेड नेहमीइतकाच पडला, हे समक्ष पाहून लिहिले आहे. आऊसाहेब नणंदेच्या मागे हात जोडून उभ्या होत्या. दिव्यास नमस्कार करून वळल्या आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलल्या,

"भास्करराव, येत्या ज्येष्ठात आम्ही जाणार. बाळंतपणाला नाही, लग्नाला नाही. फिरायला. आणि एकट्या."