मास्तरांचा खांदा आणि दोन इंच माया

"तीन महिन्यांत हा हात छताला लावून दाखवीन, नाहीतर मिशी उतरवीन!" अशी गर्जना करून टेलरमास्तरांनी मिशीला पीळ दिला. दिला तो डाव्या हाताने. उजवा मिशीपर्यंत पोचतच नव्हता!

झालं होतं असं. तीस वर्षं कापडावर वाकून वाकून मास्तरांचा उजवा खांदा एके दिवशी संपावर गेला. हात जेमतेम छातीपर्यंत यायचा आणि पुढे अशी कळ निघायची की मास्तरांना गेलेले आजोबा आठवायचे. कात्री चालवायची तर टेबलभर हात लांबवायला हवा, आणि लांबवला की डोळ्यांपुढे काजवे! एरवी त्यांनी हे दुखणं पुढच्या वर्षावर ढकललं असतं. पण लेक वकिलीची परीक्षा पास झाली होती. तीन महिन्यांनी तिची शपथ, आणि त्या दिवशी अंगावर घालायचा काळा गाऊन बाबांनीच बेतायचा, हे ती शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं.

"बाबा, नाही जमलं तर राहू दे हं," लेक समजुतीनं म्हणाली. "रेडीमेड मिळतात."

रेडीमेड! त्या घरात एक वेळ शिवी चालली असती, हा शब्द चालत नसे. दुसऱ्याच सकाळी मास्तर फिजिओबाईंच्या दारात हजर!

फिजिओबाई वयानं लेकीएवढ्या, पण नजर अशी की खोकलासुद्धा परवानगी मागून यावा.

"व्यायाम करता का मास्तर?"

"करता का म्हणजे? तरुणपणी रोज शंभर दंड मारायचो!"

"आणि अलीकडे?"

"अलीकडे... सुई पडली की वाकतो."

बाईंनी अगदी साधा व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायची, पोचतील तिथे खूण करायची, जमिनीपासून माप घ्यायचं आणि रोज फोनवर कळवायचं. मास्तरांना हसूच आलं. खडू, टेप आणि माप! अहो, जन्म गेला त्यात!

आणि तिथेच माशी शिंकली. पहिल्या दिवशी माप भरलं पंचेचाळीस इंच. मास्तरांनी कळवलं, सत्तेचाळीस. का? तर वडिलांची शिकवण! नेमक्या मापावर कात्री चालवायची नाही, वर दोन इंच माया ठेवायची. शिवणीत दुमडलेलं ते जास्तीचं कापड पुढे गिऱ्हाईक सुटलं की कामी येतं. दुसऱ्या दिवशी हात होता तिथेच होता, पण कालचा आकडा सत्तेचाळीस. त्यावर आणखी दोन इंच, एकोणपन्नास!

बायको शेजारीच काजं करत बसली होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "अहो, माया कापडाला ठेवतात. खांद्याला कसली ठेवताय?"

"हात आज ना उद्या तिथे जायचाच आहे ना? मग आधीच रुमाल टाकून जागा धरली. बिघडलं कुठे?"

बाराव्या दिवशी मास्तरांचा हात फोनवर एकोणसत्तर इंचांवर पोचला. भिंतीवर तो शेहेचाळीसला धापा टाकत होता.

लगेच बाईंचा फोन. "मास्तर, कमाल केलीत! आता घरी एकट्यानं नको, गुरुवारच्या बॅचला या. फार पुढे गेलेली माणसं आहेत तिथे."

मास्तर फुगले. ही फुगलेली छाती घेऊन गुरुवारी ते हॉलमध्ये शिरले, तर समोर चौदा जण रांगेत उभे! बसड्रायव्हर होता, निवृत्त हेडबाई होत्या, आणि सगळ्यांच्या हातात काठ्या.

"हे आपले मास्तर," बाईंनी ओळख करून दिली. "बारा दिवसांत बावीस इंच! आज हेच पुढे उभे राहून दाखवतील. सगळ्यांनी यांच्याकडे बघून करा."

टाळ्या! मास्तरांनी सवयीनं मान लववून त्या घेतल्याही. खरं सांगायची हीच वेळ होती, पण टाळ्या पडल्यावर खरं बोलायला वेगळंच काळीज लागतं. त्यांनी काठी धरली आणि वर न्यायला लागले. छातीपाशी खांद्यानं ब्रेक मारला. आता? मास्तरांनी शक्कल लढवली. हात वर जात नाही ना, मग डोकं खाली न्यावं! त्यांनी गुडघे वाकवले, मान खाली घातली, कंबर डावीकडे मोडली, आणि काठी एकदाची डोक्याच्या वर आली.

मागे वळून पाहतात तर काय! चौदाच्या चौदा जण गुडघे वाकवून, मान खाली घालून, डावीकडे मोडलेले! हँगरवर घाईघाईनं अडकवलेले चौदा कोट जणू. हेडबाई तर शेजाऱ्याला दटावत होत्या, "कंबर अजून मोडा! मास्तरांचं बघा जरा!"

"नवीन पद्धत दिसतेय," ड्रायव्हर कौतुकानं कण्हला. "काय ताण बसतो हो!"

बाई दुसऱ्या टोकाला चेंडू काढत होत्या. त्या वळल्या आणि जागीच थिजल्या. "हे काय चाललंय? सरळ व्हा सगळे! चेंडू घ्या, डोक्यावरून फेका, डोक्यावरच झेला. ड्रायव्हरदादा, मास्तरांकडे टाका."

ड्रायव्हरनं टाकला. चेंडू डोक्यावरून आला, उजवा हात छातीपाशीच राहिला, आणि चेंडू मास्तरांच्या कपाळावर टप्पा घेऊन परत हेडबाईंच्या पायाशी जाऊन पडला. मास्तर धप्पकन सतरंजीवर बसले. चेंडू मऊ होता. लागलं फक्त अब्रूला.

"मास्तर," बाईंनी कमरेवर हात ठेवले, "हात वर करा बघू."

छातीपर्यंत आला.

"फोनवर एकोणसत्तर इंच होता!"

"बाई," मास्तर सतरंजीच्या दशा मोजत म्हणाले, "मी दोन इंच माया ठेवली."

"रोज?"

"रोज."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि मास्तरांनी ती वाकून उचललीही असती. तेवढ्यात हेडबाई खाकरल्या. "मीही सांगून टाकते. दहा वेळा करायचं तिथे सहा वेळा करते आणि स्वतःला चार ग्रेसचे देते. चाळीस वर्षांची सवय!"

"मी तर आधीच 'वेळेवर पोचलो' लिहून ठेवतो," ड्रायव्हर पुटपुटला. "मग गाडी कितीला का येईना."

बाईंनी कपाळाला हात लावला. आधी ड्रायव्हर फिस्कन हसला, मग हेडबाई, आणि मग मास्तर असे हसले, असे हसले, की खांद्याची कळ विसरले. शेवटी बाईंनाही हसू आवरेना. "उद्यापासून सगळे पहिल्यापासून," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि माप दुसऱ्यानं घ्यायचं!"

मग काय, हेडबाई मास्तरांचं माप घेऊ लागल्या. अर्धा इंचसुद्धा उधार नाही! सत्तेचाळीस गाठायला आठवडा लागला. गाठले, तेव्हा ड्रायव्हरनं तोंडानं भोंगा वाजवला आणि मास्तर पोरासारखे खूश झाले. अंग दुखायचं, घाम गळायचा, तरी मास्तर बुधवारपासूनच गुरुवारची वाट बघायचे. शंभर दंड मारणारा तो तरुण त्यांना अधूनमधून आरशात दिसायचा. पोट मात्र सध्याचंच असायचं.

शपथेला आठ दिवस उरले आणि हेडबाईंनी पुकारलं, "पंचाहत्तर!" त्याच दुपारी मास्तरांनी काळं कापड टेबलावर अंथरलं, श्वास रोखला आणि कात्री लावली. कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत करकरत गेली, कळ नाही की चमक नाही! शपथेच्या दिवशी लेकीनं गाऊन घातला, गर्रकन फिरली आणि बाबांच्या गळ्यात पडली. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी मिशीला पीळ दिला, उजव्या हातानं!

दुसऱ्या दिवशी ते लेकीला घेऊन, गाऊनसकट, बाईंकडे दाखवायला गेले. बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "सुरेख! म्हणजे खांदा बरा झाला. आता यायची गरज नाही."

मास्तरांचा चेहराच पडला. "बाई, माप तर घ्या आधी."

भिंतीवर बोटं चढली आणि त्र्याहत्तरला थांबली.

"दोन इंच कमी?"

"आटला असेल," मास्तर निरागसपणे म्हणाले. "नवं कापड पहिल्या धुण्यात आटतंच."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. नव्या वकीलबाईंनी गाऊन सावरला आणि आयुष्यातली पहिली केस उभी केली. "माझे अशील प्रामाणिक आहेत. त्यांचा हात खरोखर..."

"बरं बरं," बाईंनी तिला गाऊन उतरवायला लावला आणि तो स्वतः स्टुलावर चढून पार वरच्या खुंटीला अडकवला. गप्पा झाल्या, चहा झाला. निघताना बाई सहज म्हणाल्या, "मास्तर, तेवढा गाऊन काढून द्या ना."

मास्तरांनी टाच न उचलता, उजव्या हातानं, सर्रकन काढून दिला!

लेकीनं कपाळाला हात लावला. पहिली केस, आणि अशिलानंच बुडवली! मास्तर गाऊनामागे तोंड लपवून उभे राहिले.

"गुरुवारी या," बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. "हेडबाई सकाळीच स्वतःला नापास करून गेल्यात, आणि ड्रायव्हरदादांची गाडी कालपासून दोन इंच लेट आहे."