नापासकाकांची मलमपरीक्षा

"बाबा, डासांसाठी अंगाला लावायला काहीतरी स्वस्तातलं बघून द्या, पण चालणारं हवं," असं लेक सहज बोलून गेली आणि तिथेच चुकली. तिच्या बाबांना कुठलीही वस्तू सहज घेता येत नसे.

बाबा छत्र्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. म्हणजे सकाळी डबा घेऊन जायचं, नळाच्या धारांखाली छत्री उघडून उभं राहायचं आणि डोक्यावर थेंब पडला की ओरडायचं, "नापास!" उभा जन्म ओल्या बनियनमध्ये गेला, पण त्यांनी पास केलेल्या छत्रीखाली कुणी भिजलं नाही, हा त्यांचा अभिमान. एकदा तर खुद्द मालकांची छत्री त्यांनी मालकांना धारेखाली उभं करून नापास केली होती. मालक शिंकत घरी गेले, बाबा छाती काढून. इमारतीत सगळे त्यांना नापासकाका म्हणत आणि ते नाव काका एखाद्या पदवीसारखं मिरवत.

लेकीची गरज मात्र खरीच होती. तिला पाणपक्षी मोजण्याची पहिलीवहिली नोकरी लागली होती. तळ्याकाठच्या गवतात पुतळ्यासारखं बसायचं आणि मोजायचं. आधीच्या मुलाने डास चावला म्हणून मानेवर एक सणसणीत चापट मारली, तसा मोजत आणलेला अख्खा थवा उडाला. थव्यामागोमाग त्याची नोकरीही उडाली.

"धूर नको, घरघर नको, उग्र वास नको," लेकीने बजावलं. "आणि बराच वेळ टिकायला हवं. माझा हात हलला की संपलं सगळं."

"माझा पासचा शिक्का असलेलीच वस्तू नेशील तू," काका म्हणाले आणि चपला घालून निघाले.

औषधवाल्याने बघताबघता एक साधी ट्यूब पुढे केली. "काका, हे मलम न्या. स्वस्त आहे, वास नाही, पुष्कळ लोक नेतात."

"लोक काय, गळक्या छत्र्याही नेतात."

"मग हे तेल बघा. हा फवारा. हा मनगटाला बांधायचा पट्टा."

"सगळं एकेक द्या. परीक्षा घेतो."

"कोणाची?" औषधवाल्याने विचारलं, पण काका तोवर रस्त्याला लागले होते.

संध्याकाळी काका गॅलरीत बसले. एका हाताला तेल, दुसऱ्याला फवारा, एका पायाला मलम, दुसऱ्याच्या घोट्यावर पट्टा. तुलनेसाठी टक्कल कोरं ठेवलं. बसले, बसले, बसून कंबर धरली. पण घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, वारा भन्नाट. डास फिरकेल तर शपथ.

"अहो, परीक्षेला कुणी बसलंच नाही का?" काकू आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका बागेत गेले. तिथे डास होते, पण पायजम्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर करून "या, या, लाजू नका" म्हणणारा म्हातारा बघून आयांनी आपापली पोरं उचलली आणि रखवालदाराने काकांना. लेकीच्या निघण्याचा दिवस जवळ येत होता. शेवटी काकांनी निर्णय घेतला. परीक्षार्थी मिळत नाहीत, तर ते घरीच तयार करायचे.

बागेतल्या डबक्याच्या पाण्याची बादली गॅलरीत आली, पाण्यात सुकलेली पानं पडली, वर जुनी मच्छरदाणी ताणून बांधली. पाण्यात अळ्या वळवळू लागल्या तसे काका भिंग घेऊन सकाळ-संध्याकाळ हजर.

"लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात," काकू म्हणाल्या. "आमच्या नशिबी हे. उठली का तुमची बाळं?"

"हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

बाळं मोठी झाली, पंख फुटले आणि काकांनी पुन्हा सगळं लावून मच्छरदाणीत हातपाय घातले. मग काय विचारता! तेल थोडा वेळ टिकलं, नंतर डासांनी तिथेच जेवणाची पंगत मांडली. पट्ट्यावर तर एक डास पाय पसरून बसला. फवारा चालला, पण किंमत ऐकूनच अंगावर काटा यावा आणि वास असा की काकूंनी जेवण दुसऱ्या खोलीत नेलं. ती साधी ट्यूब मात्र! मलमाच्या पायाकडे एकही डास ढुंकून बघेना. जवळ यायचा, थबकायचा आणि चुकीच्या घरात शिरल्यासारखा माघारी फिरायचा.

"पास!" काका एवढ्याने ओरडले, की खालच्या मजल्यावर चेअरमनांच्या हातातला चहा सांडला.

इथे थांबले असते तर गोष्ट संपली असती. पण छत्री कधी घरात उघडून तपासतात का? वस्तू बाहेर वापरायची, तर परीक्षाही उघड्यावर हवी. काकांनी स्वतःला, काकूंना आणि लेकीला टाळूपासून टाचेपर्यंत मलम चोपडलं आणि मच्छरदाणीची गाठ सोडली.

डासांचा काळा ढग वर उठला. काकांवरून फिरला, नाक मुरडलं. काकूंवरून फिरला, लेकीवरून फिरला. तिघांनाही कुणी शिवेना. आणि मग त्या उपाशी जिवांनी, कुणीही शहाण्याने केलं असतं तेच केलं. ते शेजारी जेवायला गेले.

"बघितलंस? एक नाही चावला!" काकांची छाती शर्टात मावेना.

"ते बघितलं. पण गेले कुठे?" काकूंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बादली मोरीत ओतून घासून पालथी घातली.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभं राहिलं. चेअरमन होते. एक डोळा सुजून बंद, दोन्ही हात खाजवण्यात गुंतलेले, म्हणून बेल त्यांनी कोपराने वाजवली होती.

"नापासकाका, काय हे! अख्खी इमारत फोडून काढली डासांनी. एवढाले डास! आणि तुम्ही तिघं कसे काय गुळगुळीत?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण काकांना त्यात फक्त कौतुक ऐकू आलं. "मलम!" ते म्हणाले. "माझ्या हाताखालून पास झालेलं," आणि घरातली उरलेली ट्यूब त्यांनी चेअरमनांच्या हातात कोंबली. दुपारपर्यंत प्रत्येक मजल्यावर जाऊन ते कुठे, किती, कसं चोळायचं याची शिकवणी देऊन आले. घामाने धुऊन गेलं तर पुन्हा लावा, डोळ्यांपासून लांब ठेवा, वगैरे. सगळी इमारत औषधवाल्याकडे धावली. डास चावायचे थांबले.

संध्याकाळी लेक सामान बांधता बांधता म्हणाली, "बाबा, सकाळी लवकर निघायचंय. माझी ट्यूब?"

काकांनी कपाळाला हात लावला. धावत गेले तर औषधवाला रिकाम्या फळीकडे बोट दाखवून हसला. "तुमच्याच इमारतीने नेल्या की सगळ्या! नवा माल आठवड्याने."

काका चेअरमनांकडे ट्यूब परत मागायला गेले, तर घराला कुलूप. गच्चीवर दिवे दिसले म्हणून वर चढले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्च्या मांडल्या होत्या, सगळी इमारत जमली होती, काकू आणि लेक पहिल्या रांगेत अवघडून बसल्या होत्या.

"आपले काका," चेअरमन माईकवरून म्हणाले, "डास यायच्या आधीपासून मलमं तपासत होते! केवढी ही दूरदृष्टी!"

पुष्पगुच्छ हातात आला आणि काकांनी तो तसाच खुर्चीवर ठेवला. मालकांची छत्री ज्याने सोडली नाही, तो स्वतःला कसा सोडणार? त्यांनी माईक ओढला.

"मंडळी, मी नापास आहे. ते डास माझे होते. मीच बादलीत वाढवले."

हशा पिकला. चेअरमन पोट धरून खाली बसले. "काय विनोदी आहेत हो काका!"

"विनोद नाही! खरंच माझे!" काका संतापले. "भिंगातून रोज बघायचो मी त्यांना!" तसे लोक खुर्चीवरून घसरले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"बरं काका, आणखी काही हवंय?" डोळे पुसत चेअरमनांनी विचारलं.

"एक ट्यूब," काका हताश होऊन म्हणाले. "लेकीला."

बघताबघता चारी बाजूंनी ट्यूबा आल्या. अर्ध्या, पाव, पिळून वळलेल्या. लेकीने ओंजळ भरून घेतल्या.

तळ्याकाठी आठवडा काढल्यावर तिचा फोन आला. काकांनी काकूंच्या हातातून तो हिसकावूनच घेतला.

"बाबा, सगळे पक्षी मोजून झाले! हात हलवावाच लागला नाही. साहेब म्हणाले, नोकरी पक्की."

"आणि डास?" काकांनी श्वास रोखून विचारलं.

"आहेत हो, पण अगदीच मिळमिळीत. एकदा मलम लावायला विसरले, तरी काही वाटलं नाही. आपल्याकडच्यांची सर नाही त्यांना."

काका ताठ झाले. आवाज उगाच साधा ठेवत म्हणाले, "कशी येणार? आपले घरचं खाऊन वाढलेले होते."