आठशे वर्षांपूर्वीची दारू आणि एक छत्री

आठशे वर्षांपूर्वीची मधाची दारू घरी बनवणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे! मध, पाणी, यीस्ट, बरणी. बस्स!

कृती ‘तिनं’ युरोपातल्या एका मठाच्या जुन्या पोथीतून उतरवून दिली होती. "याचा एक घोट मिळाला पाहिजे," म्हणाली आणि परगावी नोकरीला गेली. दोन वर्षांनी, एका दुपारपुरती, ती येणार होती. तो घोट तयार हवा होता. घोट आवडला तर माणूस थांबतं, असा माझा हिशेब.

अडचण एकच. त्या काळी मठात घड्याळ नव्हतं. कृतीत लिहिलेलं, ‘नऊ प्रार्थना होईपर्यंत ढवळावे.’ मला एकही प्रार्थना पाठ नाही. पाठ होता तो तिचा शेवटचा व्हॉइस मेसेज. चाळीस सेकंद. "ऐक, तुझी छत्री माझ्याकडेच राहिली. घ्यायला ये..." मग शिंक. "किंवा नको येऊस. मीच देईन कधीतरी."

घरात उबदार जागा म्हणजे बाथरूम. एका प्रार्थनेऐवजी एकदा मेसेज, असा तो सकाळी नऊ वेळा, संध्याकाळी नऊ वेळा लावून, दाराला कडी घालून मी ढवळू लागलो.

तिसऱ्या दिवशी बाहेर आई-बाबांची कुजबुज.

"अहो, आत मुलगी आहे!"

"रेडिओ असेल."

"रेडिओ शिंकतो का हो?"

चौथ्या दिवशी दाराशी दोन टॉवेल. सहाव्या दिवशी दोन कप चहा. दहाव्या दिवशी बाबांनी दार ठोठावलं. "पोरी, त्याची छत्री देऊन टाक आणि बाहेर ये! सर्दी वाढेल!" बाराव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना पाइपातून सगळं ऐकू येतं, नवी कोरी छत्री घेऊन हजर! "ही घे, आणि त्या बिचारीला मोकळं कर!"

चौदाव्या दिवशी बरणीचं झाकण तोफेसारखं उडालं आणि खिडकीतून जे गेलं ते गेलंच. आईनं धक्का मारून दार उघडलं. आत मी, फेस आणि फोन.

"म्हणजे... कुणीच नाही?"

आई इतकी हिरमुसली, की दारूवरून ओरडायचंच विसरली.

महिन्यानं ती आली. माझी छत्री खुंटीला अडकवली, काकूंच्या छत्रीशेजारी. मी पेला भरला. तिनं घोट घेतला. तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"व्हिनेगर झालंय."

"मठातही असंच लागत असेल."

"त्यांच्या बरणीला झाकण होतं रे! आणि ढवळताना वेळ कसा मोजलास?"

मी थाप तयार ठेवली होती. पण स्वयंपाकघरातून आई ओरडली, "तुझ्या शिंकेवर गं! रोज अठरा वेळा!"

तिनं पेला संपवला. सगळा! मग म्हणाली, "माझी पाचची गाडी आहे."

गेली. संध्याकाळी बघतो, तर खुंटीवर एकच छत्री. माझी. काकूंची गायब! तेवढ्यात फोन वाजला. तिचा नवा मेसेज.

"अरे, तुझी छत्री पुन्हा माझ्याकडे आलीये."

शिंक नाही. ‘घ्यायला ये’ नाही. एकूण सहा सेकंद.

आई हल्ली त्या व्हिनेगरनं फरशी पुसते. लखलखीत निघते. मी मात्र अजून सकाळ-संध्याकाळ ढवळतो. सहा सेकंदांचा मेसेज नऊ प्रार्थनांसाठी साठ वेळा लावावा लागतो, हात भरून येतो.

व्हिनेगर ढवळावं लागत नाही, हे मला माहीत आहे. काकूंना सांगू नका, त्या तिसरी छत्री आणतील.